थंडीत शेपूट सरकतं, दोन मिनिटांत दम जातो: आरसी हेलिकॉप्टरच्या हिवाळी तक्रारी आणि त्यांची कारणं

डिसेंबर लागला की आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या हेलिकॉप्टरवर शिकणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. दिवाळीपर्यंत नीट हॉवर होणारं, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहणारं हेलिकॉप्टर सकाळी साडेसातच्या गारठ्यात उचललं की शेपूट हळूहळू एका बाजूला सरकायला लागतं आणि रडरवर (शेपूट फिरवणाऱ्या स्टिकवर) सतत बोट ठेवावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला रोटरचा आवाज उतरतो. टायमर वाजायच्या आतच मशीन खाली बसायला लागतं. घरी आणून टेबलावर तपासलं तर सगळं ठीक, आणि पुढच्या रविवारी मैदानावर पुन्हा तेच.

घरी ठीक आणि मैदानावर बिघाड, हीच यातली महत्त्वाची खूण आहे. सर्वो (पात्यांचे कोन हलवणारी छोटी मोटार) किंवा जायरो (शेपूट स्थिर ठेवणारा सेन्सर) बदलायला धावू नका. बहुतेक वेळा भाग चांगले असतात, फक्त ते ज्या तापमानात सुरू केले आणि ज्या तापमानात उडवले त्यात फरक असतो. सगळ्या उपायांचं मूळ एकच आहे: मशीन मैदानाइतकं थंड होऊ द्यायचं आणि बॅटरी मात्र गरम ठेवायची. बरेच जण नेमकं उलटं करतात. बॅटऱ्या रात्रभर गाडीच्या डिकीत राहतात आणि हेलिकॉप्टर उबदार खोलीतून थेट मैदानावर येऊन पाच मिनिटांत हवेत जातं.

खालचे आकडे ४५० आकाराच्या इलेक्ट्रिक हेलिकॉप्टरचे आहेत, म्हणजे ३२५ मिमीची मुख्य पाती आणि तीन सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी). लहान मशीनलाही तत्त्व तेच लागू आहे, फक्त ती लवकर थंड होतात. निफाड-नाशिककडची ६-८ अंशांची सकाळ असो किंवा टोरांटो-शिकागोकडच्या मराठी मंडळींची उणे दहाची दुपार, क्रम बदलत नाही. वाट पाहण्याचा वेळ तेवढा वाढतो.

शेपटाची तक्रार नेमकी कोणती?

"शेपूट नीट नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. सावकाश एका दिशेला सरकणं, डावी-उजवीकडे थरथरणं आणि मधूनच झटका बसणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. आधी तक्रार ओळखा, सेटिंगला त्यानंतर हात लावा.

सावकाश सरकणं हे थंडीतलं सगळ्यात नेहमीचं लक्षण. जायरो किंवा फ्लायबारलेस युनिटमध्ये (जायरोसह सगळं मशीन स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रकात) सिलिकॉनचा एक अतिशय बारीक कंप पावणारा सेन्सर असतो. बॅटरी जोडताच युनिट त्या सेन्सरचं वाचन घेऊन "मी आत्ता स्थिर आहे" असं ठरवतं आणि तो शून्यबिंदू धरून बसतं. हा शून्यबिंदू तापमानाबरोबर सरकतो. चोवीस अंशांच्या खोलीतून आणलेलं मशीन नऊ अंशांच्या हवेत लगेच सुरू केलं, तर शून्य ठरतो गरम सेन्सरचा. मग रोटरचा वारा दोन-तीन मिनिटांत सगळं गार करतो आणि युनिटला वाटतं की शेपूट फिरतंय. ते "दुरुस्त" करायला युनिट स्वतःच शेपूट फिरवतं. म्हणून पहिलं मिनिट बरं जातं आणि पुढे सरकणं वाढत जातं.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. सरकायला लागलं की उतरवा, थ्रॉटल होल्ड (मोटार बंद ठेवणारा स्विच) लावा, पाती थांबली की बॅटरी काढा. एक मिनिट थांबून तिथेच पुन्हा जोडा आणि युनिट सुरू होईपर्यंत मशीनला अजिबात हात लावू नका. आता उचलल्यावर सरकणं गेलं किंवा निम्म्यावर आलं, तर कारण तापमानाचंच. जसंच्या तसं राहिलं, तर ट्रान्समीटरवरचं रडर ट्रिम आणि सबट्रिम (स्टिकचा मधला बिंदू बारीक सरकवणाऱ्या सेटिंग) बघा. हेडिंग होल्डमध्ये (शेपटाची दिशा धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये) रडर ट्रिमचे एक-दोन टप्पे जरी सरकलेले असले तरी युनिट ते "फिर" असा हुकूम समजतं. हातमोजे घालून ट्रान्समीटर उचलताना ट्रिमचं बटण दाबलं जाणं हिवाळ्यात फार होतं.

उपाय साधा आहे, पण चिकाटीने करावा लागतो. मैदानावर पोचताच कॅनोपी (पुढचं रंगीत आवरण) काढून हेलिकॉप्टर सावलीत उघड्यावर ठेवा. उन्हात ठेवलं तर काळ्या फ्रेमवर ऊन बसून सगळा हेतू फसतो. महाराष्ट्रातल्या थंडीत पंधरा-वीस मिनिटं पुरतात, शून्याखाली अर्धा तास द्या. तोवर जमीन पाहा, वाऱ्याचा अंदाज घ्या, स्क्रू तपासा. मग बॅटरी जोडा. वारा असेल तर पाती बूमच्या (शेपटाच्या नळीच्या) दिशेला मिटून ठेवा, कारण वाऱ्याने पाती हलून मशीन डोललं की शून्य पुन्हा चुकतो. शून्याखालच्या हवेत आणखी एक पायरी घाला: थ्रॉटल होल्डवर दोन मिनिटं चालू ठेवून युनिट स्वतःच्या उष्णतेने स्थिरावू द्या, मग बॅटरी काढून पुन्हा जोडा आणि तेव्हाचं शून्य धरून उडवा.

थरथरणं वेगळं. शेपूट पटापट डावी-उजवीकडे हलतं, तेव्हा जायरोचा गेन (दुरुस्तीचा जोर) मशीनच्या मानाने जास्त झालेला असतो. उन्हाळ्यात चाललेला गेन हिवाळ्यात जास्त का होतो, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे गार हवा दाट असते, त्यामुळे टेल रोटरची पकड वाढते. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं, टेलच्या यंत्रणेत घर्षण वाढतं. बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, नायलॉनच्या लिंक आकसून धातूच्या गोळ्यांना आवळतात. सर्वोचा हुकूम उशिरा पोचतो, जायरो जास्त हुकूम सोडतो, आणि दोघांची ओढाताण सुरू होते.

म्हणून गेनला हात लावण्याआधी सर्वोच्या शिंगावरची लिंक काढा आणि टेल स्लायडर (टेल रोटरच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) बोटाने पुढेमागे करा. बोटाच्या टोकाने, कुठेही न अडखळता तो सरकला पाहिजे. अडखळत असेल तर शाफ्ट पुसून हलक्या तेलाचा एक थेंब द्या. लिंक आवळत असेल तर ती गोळ्यावर असतानाच पक्कडीने बाजूने अगदी हलकी दाबून फिरवा. ही तपासणी मैदानाच्या तापमानातच करायची, खोलीत लिंक मोकळीच लागणार. स्लायडर मोकळा असूनही थरथर राहिली तरच गेन तीन ते पाच अंकांनी कमी करा. मार्चमध्ये तो परत वाढवायचा आहे, म्हणून जुना आकडा लिहून ठेवा.

बेल्टवर चालणाऱ्या शेपटात आणखी एक भानगड असते. ॲल्युमिनियमचा बूम थंडीत आखडतो आणि बेल्ट तेवढा सैल पडतो. आकडा लहान आहे, साडेतीनशे मिमीच्या बूमला पंचवीस अंशांच्या फरकाने सुमारे ०.२ मिमी. आधीच सैल असलेल्या बेल्टला मात्र तेवढंही पुरतं. बूमच्या मागच्या टोकाकडून बेल्टची एक बाजू दाबून पाहा. ती साधारण निम्म्या अंतरापर्यंत आत गेली पाहिजे. समोरच्या बाजूला टेकत असेल तर बूम थोडा मागे ओढून पुन्हा आवळा.

तिसरी तक्रार झटक्याची. हॉवर शांत चाललेलं असताना शेपूट अचानक हिसका देतं किंवा स्वॉशप्लेट (मुख्य पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) क्षणभर उडी मारते, आणि लगेच सगळं पूर्ववत. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो अशा कोरड्या दिवशी हे जास्त होतं. विदर्भ-मराठवाड्यात जानेवारीच्या दुपारी, किंवा उत्तर अमेरिकेच्या कोरड्या थंडीत. कोकण-गोव्याच्या दमट हवेत क्वचितच. रबराचा बेल्ट पुलीवर घासून स्थिर वीज तयार होते, ती बूमवर साठते आणि संधी मिळाली की एखाद्या सर्वोच्या तारेतून किंवा युनिटमधून निघून जाते. टॉर्क ट्यूबच्या (बेल्टऐवजी दांड्याने टेल रोटर फिरवणाऱ्या) मशीनला हा त्रास जवळपास नसतो.

यावर उपाय म्हणजे बूम आणि मोटारीचं धातूचं अंग एका बारीक तारेने जोडणं. इथे हमखास चूक होते: रंगीत ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग वीज वाहू देत नाही. स्क्रूखालची जागा पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू उघडा करा, तार बसवा, मग मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून बूम ते मोटार जोडणी तपासा. बीप आली नाही तर तार असून नसल्यासारखीच. जायरोच्या आणि टेल सर्वोच्या तारा बूमला चिकटून जात असतील तर त्याही थोड्या दूर घ्या.

बॅटरी रिकामी नसते, गारठलेली असते

लिपोमधली रासायनिक हालचाल थंडीत मंदावते आणि अंतर्गत रोध बराच वाढतो. पॅक पूर्ण भरलेला असतो, सेलला ४.२ व्होल्ट दिसतात, पण मोटारीने करंट ओढताच व्होल्टेज धाडकन खाली येतं. ईएससीची (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाची) कमी व्होल्टेजची मर्यादा सेलला ३.० ते ३.२ व्होल्टच्या आसपास लावलेली असते. गारठलेला पॅक भाराखाली ती मर्यादा पहिल्या-दुसऱ्या मिनिटालाच ओलांडतो. ईएससीला वाटतं बॅटरी संपली, आणि तो मोटार मंद करतो किंवा सरळ बंद करतो.

शिकाऊने याच क्षणी एक सेटिंग पाहून घ्यावं: कटऑफ हळूहळू शक्ती कमी करणाऱ्या प्रकारावर आहे की एकदम तोडणाऱ्या? हेलिकॉप्टरला एकदम तोडणारा प्रकार कधीही नको. कमरेइतक्या उंचीवर मोटार बंद पडली तर नवशिक्याच्या हातून ऑटोरोटेशन (मोटारीविना, फिरत्या पात्यांच्या जोरावर उतरणं) होत नाही, मशीन आपटतंच.

बॅटरी खरंच संपली होती की फक्त गारठली होती, हे चार्जर सांगतो. उतरल्यावर पाच मिनिटांनी सेलचं व्होल्टेज पाहा आणि घरी चार्ज करताना किती एमएएच परत भरले ते बघा. २२०० च्या पॅकमध्ये जेमतेम १२०० भरले आणि उतरल्यावरही सेल ३.८५ च्या वर होते, तर पॅक गारठलेला होता. १७०० च्या वर भरले, तर तुम्ही खरोखर जवळपास ८० टक्के वापरलेत आणि टायमर लांब लावलाय. एखादाच सेल इतरांपेक्षा ०.१ व्होल्टने किंवा अधिक मागे असेल, तर थंडीला दोष देऊ नका, तो सेल म्हातारा झालाय. तो पॅक शिकण्यासाठी वापरू नका.

पॅक उडवताना ३० ते ३५ अंशांवर असावा, हाताला कोमट लागेल इतका. त्यासाठी थर्मोकोलचा डबा सगळ्यात उत्तम. पाण्याच्या बाटलीत ४० ते ४५ अंशांचं पाणी भरा, बाटली जाड टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवा आणि पॅक बाजूला रचा. दोन-तीन तास काम भागतं. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते दोनदा पाहा, आणि पॅक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पाण्याऐवजी हीटरसमोर, गाडीच्या ब्लोअरवर किंवा उन्हातल्या डॅशबोर्डवर पॅक ठेवू नका. तिथे एक बाजू साठ अंशांवर जाते आणि दुसरी थंडच राहते. खिशात ठेवायचाच असेल तर कनेक्टरला टोपी हवी आणि त्या खिशात किल्ल्या किंवा नाणी नकोत. आपटलेला, फुगलेला किंवा टोचला गेलेला पॅक गरम डब्यात परत जाता कामा नये.

डब्यातून काढल्यावर पॅक लगेच लावा आणि उडवा. उड्डाण सुरू असताना तो स्वतःच्या उष्णतेने गरम राहतो. गारठतो तो जमिनीवर गप्पा मारताना. टायमर उन्हाळ्यापेक्षा एक पंचमांश कमी लावा, पाच मिनिटांचे चार. उतरल्यावर सेल ३.७५ ते ३.८ वर स्थिरावत असतील तर बरोबर जमलंय.

गव्हर्नर वापरत असाल तर एक गोष्ट समजून घ्या. गव्हर्नर ठरलेला हेडस्पीड (मुख्य रोटरचा वेग) राखण्यासाठी वाचवून ठेवलेल्या व्होल्टेजवर जगतो. थ्रॉटल ८५ टक्क्यांवर सपाट (स्टिक कुठेही असली तरी एकच) ठेवला असेल आणि पॅक थंड असेल, तर वाढवायला जागाच उरत नाही. हेडस्पीड पडतो, टेल रोटरही त्याच प्रमाणात मंद होतो आणि शेपूट सुटतं. लोक मग जायरोत बिघाड शोधत बसतात. शिकताना सपाट थ्रॉटल ७० टक्क्यांच्या आसपास पुरतो.

चार्जिंगबाबत तडजोड नाही. शून्य अंशांखाली लिपो चार्ज केली तर लिथियम ऋण बाजूवर धातूच्या रूपात साचतं. ते परत जात नाही, पॅकची क्षमता जाते आणि पुढे धोका निर्माण होतो. गाडीत रात्र काढलेला पॅक आधी तासभर खोलीत ठेवा, मग १सी वर म्हणजे २२०० साठी २.२ ॲम्पिअरवर लावा.

उचलताना उडी का मारतं

शिकाऊला भीती वाटते ती याची. नेहमीच्या स्टिकवर हेलिकॉप्टर पूर्वीपेक्षा लवकर आणि जोरात वर येतं. पुण्यात मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या दुपारपेक्षा जानेवारीतल्या १० अंशांच्या सकाळी हवा सुमारे १० टक्क्यांनी दाट असते. तेवढंच वजन उचलायला पात्याचा कोन साधारण अर्धा अंश कमी पुरतो. पिच कर्व्हचा (स्टिकच्या जागेनुसार पात्याचा कोन ठरवणाऱ्या सेटिंगचा) मधला बिंदू तेवढा खाली घ्या, म्हणजे हॉवर पुन्हा स्टिकच्या ओळखीच्या जागी येईल. गरम पॅकने पहिलं उड्डाण झाल्यावरच हे करा. गारठलेल्या पॅकवर हेडस्पीड पडलेला असतो आणि मग दुरुस्ती उलट दिशेला होते.

पहिल्या काही सेकंदांत मशीन जमिनीवरच गदगदा हलत असेल तर हेडमधले रबरी डॅम्पर कडक झालेले असतात. पूर्ण हेडस्पीडला आणून वीस-तीस सेकंद जमिनीवर चालू ठेवा, बहुतेक वेळा ते शांत होतं. अर्ध्या वेगावर रेंगाळू नका, तिथेच हलणं सगळ्यात जास्त असतं.

मुख्य गिअर आणि पिनियन (मोटारीवरचं छोटं दातेरी चाक) यांच्यातली फटही बघा. प्लास्टिकचा गिअर धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसतो. ३० मिमी त्रिज्येला ३० अंशांच्या फरकाने सुमारे ०.१ मिमी. उन्हाळ्यात बसवलेली फट हिवाळ्यात रुंदावते, आणि जोराने पिच दिला की दात सोलतात. वहीच्या कागदाची पट्टी दोन्हींमध्ये धरून मोटार आवळा, मग पट्टी फिरवून काढा. पट्टीवर दातांचे ठसे उमटावेत, पण ती फाटू नये. मार्चमध्ये हीच फट पुन्हा तपासायची, कारण हिवाळ्यात घट्ट बसवलेला गिअर उन्हाळ्यात पिनियनला दाबतो.

जमीन, दव, बर्फ

ट्रेनिंग गिअरच्या चार काड्या आणि टोकाचे चेंडू कोरड्या मैदानावर घसरतात, म्हणूनच ते वाचवतात. ओल्या मातीत किंवा बर्फात एक चेंडू रुततो, मशीन त्याच बिंदूभोवती कलतं, शिकाऊ घाबरून पिच वाढवतो आणि पाती जमिनीला लागतात. दोन-तीन सेकंदांचा खेळ असतो. यासाठी साधारण १.२ मीटर बाजूचा प्लायवूडचा चौकोन बरोबर ठेवा. जुना फ्लेक्स किंवा प्लास्टिकची ताडपत्री अंथरू नका. रोटरचा वारा तिची कड उचलतो आणि ती थेट पात्यांत जाते. बर्फात प्लाय पुरत नाही, भोवतालचा दोन-तीन मीटरचा भुसभुशीत बर्फ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. नाहीतर उचलताच पांढरा धुरळा उठतो आणि मशीन दिसेनासं होतं. पांढऱ्या बर्फावर आणि करड्या आकाशात फिकी कॅनोपी हरवते. भडक नारिंगी किंवा पोपटी कॅनोपी आणि काळा टेल फिन लावा, नाक कुठे आणि शेपूट कुठे हे क्षणात कळलं पाहिजे.

आपल्याकडे दव जास्त. दवाने भिजलेल्या गवतात उतरवलेल्या मशीनच्या तळाशी असलेला ईएससी थेट ओला होतो. धुकं असेल तर सरळ थांबा. वारा पडलेली सकाळ मोहात पाडते, पण वीस मीटरवर नाक-शेपूट ओळखू आलं नाही तर सराव नव्हे, जुगार होतो. हिवाळ्यात सूर्य बराच वेळ खाली राहतो, तो नेहमी पाठीशी घ्या.

बोटांचं विसरू नका. गारठलेला अंगठा स्टिकचे छोटे बदल करू शकत नाही, आणि हॉवर म्हणजे नुसते छोटे बदल. अर्ध्या बोटांचे हातमोजे, ट्रान्समीटरवर चढवायची कापडी पिशवी मिळाली तर उत्तम, आणि दोन उड्डाणांमध्ये हात चोळायला वेळ. अंगठ्याच्या टोकाने उडवणाऱ्यांनी थंडीत अंगठा आणि तर्जनीने स्टिक चिमटीत धरून पाहावी. बोट बधिर झालं तरी चिमटीत हालचालीचा अंदाज राहतो. ही सवय आधी सिम्युलेटरवर करा, मैदानावर पहिल्यांदा नको.

ग्लो (द्रव इंधनावर चालणाऱ्या) इंजिनवाल्यांसाठी एवढंच: दाट हवेत मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. मुख्य नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) पाव फेऱ्यापर्यंत उघडून, म्हणजे मिश्रण थोडं जाड करून सुरुवात करा, धुराची रेघ दिसते आहे ना पाहा, आणि इंजिन नीट गरम झाल्याशिवाय उचलू नका.

परतताना शून्याखालून आलेलं मशीन उबदार खोलीत उघडं ठेवलं की त्यावर पाणी धरतं, थंड ग्लासवर धरतं तसंच, आणि ते सर्किटच्या आतही धरतं. मैदानावरच बॅटरी काढा, हेलिकॉप्टर मोठ्या बंद पिशवीत घाला आणि घरी तासभर पिशवी उघडू नका. दवात उडवलेलं मशीन कापडाने पुसून, कॅनोपी काढून पंख्याखाली ठेवा. न उडवलेले पॅक चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. पूर्ण भरलेले पॅक पुढच्या रविवारपर्यंत तसेच पडू देऊ नका.